बालाघाटावरील गीतपरंपरा आणि मराठवाड्याची प्रादेशिक जाणीव

मराठवाड्याच्या प्रादेशिक जाणिवेचा इतिहास सामान्यतः राज्यकारभाराच्या अंगाने सांगितला जातो. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाचे भारतीय संघराज्यात झालेले विलीनीकरण, १९५३ चा नागपूर करार, १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि १ मे १९६० रोजी झालेली महाराष्ट्राची स्थापना हे त्या कथनातील ठळक टप्पे होत. पुढे अनुशेषाचा प्रश्न आला आणि ही जाणीव बहुतांशी तक्रारीच्या भाषेत बोलू लागली. हे कथन चुकीचे आहे असे नव्हे. तथापि करार, ठराव आणि अहवाल यांच्या भाषेत न बोलणाऱ्या, किंबहुना अक्षरओळखही नसलेल्या लोकांच्या मनात ‘आपला मुलूख’ ही कल्पना कोणत्या साधनाने घडली, ह्याचे उत्तर त्यातून मिळत नाही. ते उत्तर शोधावयाचे तर गीताकडे वळावे लागते.

ह्या दृष्टीने चाकूरसारखे ठिकाण उपयोगी पडते. लातूर–नांदेड मार्गावरील हे गाव बालाघाटाच्या पठारावर वसलेले आहे. उत्तरेस अहमदपूर, पूर्वेकडे उदगीर, दक्षिणेस मांजरेचे खोरे. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. पुनर्रचनेत ते तत्कालीन उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यास जोडले गेले आणि १९८२ साली लातूर जिल्हा स्वतंत्र झाल्यावर त्यात आले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी ह्या चार भाषा ज्या पट्ट्यात एकमेकींच्या अंगणात नांदतात, त्याचा हा मराठी काठ होय. येथे प्रदेशाची सीमा तीनदा हलली. येथील आठवडी बाजार, जत्रा आणि सोयरिकी मात्र त्या सीमेप्रमाणे हलल्या नाहीत. म्हणूनच येथील गीत कोणत्या सीमा मानते आणि कोणत्या मानीत नाही, हे पाहणे उद्बोधक ठरते.

मराठवाड्याच्या संगीताचा विषय निघाला की दोन संस्कृत ग्रंथांचा उल्लेख अपरिहार्यपणे होतो. पहिला ‘मानसोल्लास’. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेला हा ज्ञानकोश. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण; नकाशावर पाहिले तर चाकूरच्या जवळजवळ सरळ दक्षिणेस, अवघ्या काही कोसांवर. दुसरा ‘संगीतरत्नाकर’. यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरी येथे तो लिहिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य असे सात अध्याय असलेला हा ग्रंथ उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही संगीतपद्धतींना आजही प्रमाणभूत वाटतो. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे होते, ही गोष्ट प्रादेशिक अभिमानाच्या भरात पुष्कळदा विसरली जाते.

ह्या दोन्ही ग्रंथांत ओवीचा निर्देश आहे. सोमेश्वर सांगतो की, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात. ह्या एका निर्देशावर मराठी वाङ्मयेतिहासकारांनी बरीच मोठी इमारत उभारली आहे, आणि ती सर्वस्वी अनाठायी नाही. कारण ज्ञानेश्वरीच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे ओवी हा शब्द, तिचे गेयत्व, तिचे स्त्रियांशी असलेले नाते आणि तिचे श्रमाशी असलेले नाते अशा चार गोष्टी त्याने एकदम नोंदविल्या आहेत. परंतु मूळ शब्द ‘कण्डन’ असा आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. कांडण म्हणजे उखळ-मुसळाचे काम, दळण नव्हे. ‘जात्यावरील ओवीचा पहिला पुरावा’ असे जे सर्रास लिहिले जाते ते त्यामुळे काटेकोर नाही. मुसळाचा आघात तुटक असतो आणि जात्याची गती अखंड वर्तुळाकार असते. ज्याने हे दोन्ही आवाज ऐकले आहेत त्यास दोन्ही कामांवरील चाल एकच असेल असे मानणे कठीण वाटेल. ओवी कांडणावरून दळणावर आली, की दोन्हीकडे आरंभापासूनच होती, ह्याचा निर्णय सोमेश्वराच्या निर्देशावरून करता येत नाही. शार्ङ्गदेव ओवीचा समावेश प्रबंधाध्यायात विप्रकीर्ण प्रबंधांमध्ये करतो. धवल, मंगल अशा समारंभगीतांच्या सान्निध्यात तिला जागा देतो. राजसभेतील शास्त्रकाराने गृहिणीच्या गाण्यास प्रबंध म्हणावे ही गोष्ट लहान नव्हे. मात्र त्यामुळे ओवी दरबारी झाली नाही, आणि दरबार लयास गेल्यावर ती लयासही गेली नाही.

असाच एक शब्द गोंधळ हा आहे. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ह्या मराठवाड्याच्या दोन टोकांवरील देवता. गोंधळ्यांच्या कदमराई आणि रेणुराई ह्या दोन शाखा अनुक्रमे त्यांच्याशी संबद्ध आहेत. संबळ, तुणतुणे, दिवटी, चौक भरणे, नाना क्षेत्रींच्या देवतांना नावे घेऊन गोंधळास येण्याचे केलेले आवाहन आणि उत्तररंगातील आख्यान असा त्याचा सर्वपरिचित विधी. काकतीय राज्यातील जायसेनापतीने तेराव्या शतकाच्या मध्यास ‘नृत्तरत्नावली’ रचली. तीत त्याने अशी आख्यायिका दिली आहे की, सोमेश्वराने कल्याणी येथे भिल्लिणीच्या वेषातील स्त्रीचे नृत्य पाहिले आणि त्यास ‘गोंडली’ हे नाव दिले. कारण महाराष्ट्रात भिल्लास गोंड म्हणतात. ह्या गोंडलीतून गोंधळ निघाला असे काही अभ्यासक मानतात. स्थळाची आणि काळाची जवळीक मोहात पाडणारी आहे खरी; परंतु ध्वनिपरिवर्तनाच्या दृष्टीने अडचण राहते. ‘ड’च्या जागी ‘ध’ कसा आला, हा महाप्राण कोठून उद्भवला, ह्याचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळत नाही. कन्नड प्रदेशात ह्याच कलावंतांस ‘गोंदलिग’ म्हणतात, तेथे महाप्राण नाही हे खरे. पण बोलीतील कन्नड महाप्राणाचा लोप सहज करते, आणि कर्नाटकातील गोंदलिग घरी पुष्कळदा मराठीच बोलतात. तेव्हा त्या रूपावरून गोंडलीच्या बाजूने काही सिद्ध होत नाही. नृत्त आणि विधी यांत साम्य असणे ही एक गोष्ट, शब्दाची व्युत्पत्ती ही दुसरी. दोन्हींची गल्लत केल्यास गोंधळ ह्या शब्दाचा दुसरा अर्थच तेवढा सिद्ध होईल.

आता ग्रंथांकडून जात्याकडे वळावे. ग्रंथरचनेतील ओवीचे पहिले तीन चरण सयमक आणि चौथा आखूड व मोकळा असतो, हे सुपरिचित आहे. स्त्रियांच्या ओवीचे रूप ह्याहून वेगळे. ती बहुधा दोन ओळींची असून प्रत्येक ओळ दोन खंडांत मोडते आणि ओळींच्या अखेरी यमकाने जुळतात. छापलेल्या पानावर ती एवढीच दिसते. पण गाताना दळणारी स्त्री खंडाची पुनरावृत्ती करते, मध्ये संबोधने घालते, खुंटा पुढे ढकलताना एक शब्द लांबवते आणि तो परत ओढताना दुसरा तोडते; समोर बसलेली दुसरी स्त्री तीच ओळ उचलते. त्यामुळे कागदावर दोन ओळींत संपणारी ओवी जात्यावर कितीतरी लांब चालते. दगडाचे वजन, धान्याचा कठीणपणा आणि गाणारीचा श्वास ह्या तिन्हींनी मिळून तिचे छंदःशास्त्र ठरते. मराठवाड्यातील घरी दळण ज्वारीचे असे. पहाटेच्या अंधारात, घरातील इतर माणसे निजलेली असताना हे काम चाले, आणि दिवसभरात स्त्रीला जे बोलता येत नसे ते त्या वेळी गाता येई. सासूचा जाच, भावाची वाट, लेकीची पाठवणी, वांझपणाचे दुःख, सीतेचा वनवास, विठोबाशी केलेली सलगी हे सर्व विषय तेथे एका रांगेत येतात, आणि कोणता लौकिक व कोणता पारमार्थिक असा भेद गाणारी करीत नाही.

ह्या ओवीचा भूगोल पाहण्यासारखा आहे. तीत एका बाजूस माहेर आणि दुसऱ्या बाजूस सासर असते. त्या दोहोंमधील वाट, वाटेवरची नदी, बैलगाडी आणि बाजार असतो. त्यापलीकडे क्षेत्रे असतात: तुळजापूर, माहूर, परळी, औंढा आणि ह्या सर्वांवर पंढरपूर. निजामी अमदानीत ह्यांपैकी पंढरपूर हे परराज्यात, ब्रिटिश मुलखात होते. ओवीत तो भेद नाही. ‘मराठवाडा’ हे नाव हैदराबाद संस्थानातील मराठी मुलूख तेलंगण आणि कर्नाटक या भागांपासून वेगळा ओळखण्यासाठी रूढ झाले. ते मूलतः कारभाराचे नाव आहे. जात्यावरील स्त्रीचा मुलूख क्षेत्रांच्या आणि नात्यांच्या वाटांनी आखलेला होता. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लोहवाट १९०६ मध्ये पंढरपुरास आणि १९११ मध्ये लातुरास पोहोचली, तेव्हा ह्या वाटांपैकी एकीवर रूळ पडले एवढेच. त्या गाडीने कापसाच्या गाठी नेल्या तसे वारकरी आणि त्यांचे टाळही नेले.

भाषांच्या सीमेचेही असेच. मांजरेच्या पलीकडील कन्नड घरात दळताना ‘बीसुव पद’ म्हणजे दळणाचे पद गातात आणि त्याचा छंद पुष्कळदा त्रिपदी असतो. बदामी येथील कप्पे अरभट्टाच्या शिलालेखात, म्हणजे सुमारे सातव्या-आठव्या शतकातच, त्रिपदी आढळते. तेव्हा ती ओवीच्या उपलब्ध उल्लेखांहून बरीच जुनी होय. त्रिपदी आणि ओवी यांचा संबंध काय, ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. घेणारा कोण आणि देणारा कोण असा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे सवय आहे. दोन घरांचे जाते एकाच पाथरवटाने टाकलेले असताना हा प्रश्न कितपत सार्थ आहे, याचा विचार झाला पाहिजे. तिसरे घर दखनी बोलणाऱ्यांचे. दखनी सूफी परंपरेत ‘चक्कीनामा’ नावाचा एक गीतप्रकार आहे. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील आपल्या १९७८ च्या ग्रंथात त्याची विस्तृत चर्चा केली आहे. दळणाऱ्या स्त्रीने गावा म्हणून रचलेल्या ह्या गीतांत जात्याचा खुंटा, त्याचा मधला आस आणि त्याचे फिरणे यांवर धर्मतत्त्वांचे रूपक केलेले असते. ईटन यांचे प्रतिपादन असे की, दख्खनच्या खेड्यांतील स्त्रियांपर्यंत इस्लामी श्रद्धा पोहोचविण्याचे काम तत्त्वग्रंथांपेक्षा अशा गीतांनी अधिक केले. येथे नोंदण्याजोगे हे की, सूफी रचनाकारांनी नवा गीतप्रकार बाहेरून आणला नाही. दळताना गाण्याची जी रीत येथे आधीच होती तिच्यातच त्यांनी आपला आशय भरला. म्हणजे मराठी ओवी, कन्नड त्रिपदी आणि दखनी चक्कीनामा ह्या तीन भाषांतील तीन परंपरा एका अवजाराभोवती वाढल्या. मराठवाड्याच्या संगीताचे खास वैशिष्ट्य कोणते असे विचारल्यास देवगिरीच्या दरबाराआधी ह्या त्रिवेणीचा निर्देश करावा लागेल.

संतांनी ह्या वस्तुस्थितीचा लाभ घेतला. पैठणच्या एकनाथांची (१५३३–१५९९) भारुडे ही एका अर्थाने तत्कालीन गोदातीरावरील गायक-भिक्षुकांची गणतीच होय. गोंधळी, वासुदेव, जोशी, जोगवा मागणारी, फकीर, महार अशा अनेकांच्या तोंडून नाथ बोलतात. हिंदू-तुर्क संवादात तर दोन भाषांचे रंग समोरासमोर येतात. नाथांना त्या त्या व्यक्तीची बोली आणि चाल ठाऊक होती, आणि श्रोत्यांस ती ओळखीची होती, म्हणूनच रूपक चालले. नामदेवांचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नर्सीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या नामदेवांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात रागवार समाविष्ट आहेत. गुरु गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेड येथे निवर्तले. तेथील हजूर साहिबात रागी जथ्यांच्या कीर्तनातून ही पदे पंजाबी वळणाने गोदातीरी परत आली. नर्सी तेथून फार दूर नाही. मराठवाड्यातील मनुष्य आपल्या परंपरेची यादी करताना हे कीर्तन सहसा गणतीत धरीत नाही, हे आश्चर्य होय. त्याचप्रमाणे कपिलधारच्या मन्मथस्वामींचे अभंग आणि ‘परमरहस्य’ हे लातूर-अहमदपूर पट्ट्यातील लिंगायत घरांतून म्हटले जातात. भक्तीचे दैवत वेगळे, भाषा मराठी आणि घाट वारकरी अभंगाचा, असा हा योग आहे. कन्नड वचनांची भूमी एका दिवसाच्या वाटेवर असतानाही ह्या समाजाने येथे मराठीत गाणे पत्करले, हे भाषेतिहासाच्या दृष्टीने अधिक अभ्यासले जावयास हवे.

हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फार्सीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही उर्दूतून दिले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग हिंदुस्थानात अपूर्व होता आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेस ती देशी भाषा परकीच होती. मराठी माणसाची शाळा, कचेरी आणि न्यायालय ह्या तिन्ही ठिकाणी मराठीस दुय्यम स्थान मिळाले. सार्वजनिक सभांवर गश्ती फर्मानांचे निर्बंध आले. ह्या परिस्थितीत मराठीचा सार्वजनिक उच्चार जेथे नित्य ऐकू येई अशा जागा थोड्या उरल्या, आणि त्यांतील प्रमुख म्हणजे देवळातील भजन, कीर्तन आणि सप्ताह. भाषेच्या रक्षणासाठी कोणी भजन केले नाही. भजन चालू राहिले आणि त्याच्या आश्रयाने प्रौढ, रचनाबद्ध मराठी निरक्षर माणसाच्या कानी पडत राहिली. पुढे १९३८ मध्ये गीत आणि राज्यसत्ता यांचा उघड सामना झाला तो मात्र मराठी गीतावरून नव्हे. औरंगाबादच्या महाविद्यालयातील आणि उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला; त्यांस मनाई झाली, मोठ्या संख्येने विद्यार्थी काढून टाकले गेले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. मुक्तिलढ्याच्या पुढील काळातील कित्येक कार्यकर्ते ह्या प्रकरणातून घडले. एक गीत म्हणावयाचे की नाही एवढ्यावर एका पिढीच्या शिक्षणाची दिशा बदलली, असा हा प्रसंग.

गीताच्या आधारे प्रदेशाने आपली ओळख राखणे ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉलचे उदाहरण येथे तुलनेस घेण्यासारखे आहे. तेथील केल्टिक कुळातील कॉर्निश भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस नित्य व्यवहारातून नाहीशी झाली. हेन्री जेनर यांनी १९०४ मध्ये तिचे पाठ्यपुस्तक लिहून पुनरुज्जीवनास आरंभ केला. परंतु मधल्या शतकभरात कॉर्निश माणसाची ओळख बोलीपेक्षा अधिक गाण्यात राहिली. मेथडिस्ट प्रार्थनामंदिरांत आणि कथिल-तांब्याच्या खाणींत काम करणाऱ्यांच्या गायकवृंदांत ती राहिली. हेल्स्टनच्या ८ मे रोजीच्या नृत्यात आणि पॅडस्टोच्या मे महिन्यातील काष्ठाश्वाच्या मिरवणुकीत ती राहिली. खाणी बंद पडू लागल्या तेव्हा खाणकामगार कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील मूंटा येथे गेले, आणि टॉमस मेरिट (१८६३–१९०८) या खाणकामगार रचनाकाराची नाताळगीतेही त्यांच्यामागून गेली. ह्या इतिहासातील दोन गोष्टी मराठवाड्याच्या अभ्यासकाने लक्षात घ्याव्या. पहिली अशी की, कॉर्नवॉलचे जवळजवळ राष्ट्रगीत मानले जाणारे ‘ट्रिलॉनी’ हे गीत रॉबर्ट हॉकर या धर्मोपदेशकाने १८२४ साली लिहिले. ते निनावी प्रसिद्ध झाले आणि जाणत्या लोकांनीही त्यास प्राचीन लोकगीत समजून उचलून धरले. प्राचीनतेची इच्छा प्रबळ असली की प्राचीनता सापडते. दुसरी अशी की, सॅबीन बॅरिंग-गूल्ड यांनी १८८८ पासून डेव्हन आणि कॉर्नवॉलमधील वृद्ध गायकांकडून गीते मिळविली, पण छापताना त्यांतील ग्राम्य वाटणारे शब्द बदलले. मूळ पाठ त्यांनी हस्तलिखितांत जपून ठेवला म्हणून निदान बदल कळतो तरी. दोन्ही प्रदेशांतील फरकही स्पष्ट आहे. कॉर्नवॉलमध्ये भाषा गेली आणि गाणे उरले. मराठवाड्यात भाषा उरली आहे, आणि गाणे?

आपल्याकडील संकलनाचा इतिहास अभिमानास्पद आहे. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’, कमलाबाई देशपांडे यांचे ‘अपौरुषेय वाङ्मय’, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे केलेले प्रचंड कार्य, दुर्गा भागवत यांचे ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ आणि खास मराठवाड्यापुरते पाहावयाचे तर ना. गो. नांदापूरकर यांचे ‘मऱ्हाठी स्त्री-रचित रामकथा’ व प्रभाकर मांडे यांचे अभ्यास ही नावे कोणत्याही विद्यापीठास भूषणावह वाटावीत. तरीही निवडीचा प्रश्न राहतोच. संकलक ज्या घरात जाई त्या घरची ओवी संग्रहात येई. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तो क्वचितच गेला. मुद्रित संग्रहांतून उभी राहणारी स्त्री सोशिक, सात्त्विक आणि विठ्ठलभक्त दिसते ती काही अंशी ह्यामुळे.

त्याच पद्धतीने ‘मराठवाडा ही संतांची भूमी’ हे वाक्य प्रदेशाच्या ओळखीचे प्रमाणवाक्य बनले. ते खरे आहे. पण संपूर्ण नाही. त्यात हलगी नाही. गावातील लग्नाची वरात, मरीआईचा गाडा, बैलपोळा आणि अंत्ययात्रा हलगीवाचून होत नसे. तरी शेकोटीवर कातडे तापवून ती वाजविणारा मातंग समाजातील वादक संगीतकार म्हणून कोणत्याही ग्रंथात सहसा नोंदला गेला नाही. ज्या हातांच्या तालावर गाव चालले त्या हातांना देवळात प्रवेश नव्हता. पोतराज, आराधी, तांड्यावर होळीस लेंगी गाणारा बंजारा ह्यांची कथा थोड्याफार फरकाने हीच. बंजारा गीत तर गोरमाटी भाषेतील. ‘मराठवाड्याचे गीत’ म्हणजे मराठी गीत अशी व्याख्या केली की ते आपोआप बाहेर पडते, आणि दखनी चक्कीनामाही त्याच दाराने बाहेर जातो.

प्रादेशिक अस्मिता हा शब्द निरुपद्रवी नाही, ह्याचा कटू प्रत्यय १९७८ मध्ये आला. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यास विरोध झाला तो ‘मराठवाडा’ ह्या नावाच्या अभिमानाची भाषा वापरून, आणि त्या भाषेच्या आडून दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या सोळा वर्षांत ज्या गीताने हा झगडा खेडोपाडी वाहून नेला ते जलशांचे आणि भीमगीतांचे होते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मूळचे नाशिककडचे, पण त्यांची गीते मराठवाड्यातील वस्त्यांत पाठ झाली. ह्या गीतांनी प्रदेशाची दुसरी जाणीव उभी केली. तीत देवगिरी नव्हती, दरबार नव्हता, आणि तरीही ती ह्याच भूमीची होती.

जात्यावरील ओवी ह्या घडामोडींपासून अलिप्त राहिली असे मानण्याची प्रथा आहे. ती निराधार आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइटविन यांनी पुण्याजवळील डोंगरी भागातून आरंभ करून महाराष्ट्रभर ओव्यांचे संकलन केले. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. त्या कार्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या आहेत. विठ्ठल, राम आणि सीता ज्या जागी असत त्या जागी तेथे बाबासाहेब, बुद्ध आणि रमाई आहेत. खंडांची मोडणी, यमक, पहिली-दुसरी अशी क्रमाने ओवी वाहण्याची रीत मात्र जुनीच. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर चौकट स्थिर राहून तीतील पदे बदलली. सोमेश्वराने नोंदविलेला प्रकार बाराव्या शतकापासून विसाव्यापर्यंत टिकला तो ह्याच गुणामुळे. चक्कीनामाही ह्याच गुणाचे फळ होते.

ह्या संकलनाचे आणखी एक महत्त्व असे की, त्यात चाल राखली गेली. पूर्वीच्या मुद्रित संग्रहांत शब्द आले आणि स्वर गेले. कोणती ओवी कोणत्या गळ्यावर गायली जाई हे पुस्तकावरून कळावयास मार्ग नाही. गाणाऱ्या स्त्रिया ‘गळा’ हाच शब्द चालीसाठी वापरतात, आणि एका गावचा गळा दुसऱ्या गावच्या सुनेने आणला, असेही सांगतात. बोलींच्या सीमा आखणाऱ्या संशोधकाने शब्दांच्या उच्चारांबरोबर गळ्यांचीही नोंद केली असती तर बालाघाटाचा एक निराळा नकाशा हाती आला असता. तो अद्याप कोणी केलेला नाही, आणि वेळ फार थोडा आहे. पिठाची गिरणी गावात आली तेव्हाच ओवीचे रोजचे कारण संपले. ज्यांनी कोवळ्या वयात जात्यावर बसून ती शिकून घेतली त्या आज वृद्ध आहेत. सप्ताहाचे कीर्तन ध्वनिवर्धकावर आणि दूरध्वनीच्या पडद्यावर भरभराटीस आले आहे. त्याला श्रोते आहेत, बिदागी आहे, व्यासपीठ आहे. ओवीस श्रोता कधीच नव्हता. गाणारी आणि तिच्यासमोर खुंट्याला हात लावणारी एवढ्याच दोघी असत.

लातूर-नांदेडकडील लग्नघरांत हळदीच्या आदल्या दिवशी अजूनही जाते बाहेर निघते. ते धुऊन त्यास हळदकुंकू वाहतात, खुंट्यास सूत गुंडाळतात, आणि सवाष्णी मुठीमुठीने हळकुंडे घालून पाच-सात फेरे देतात. दळणाचे काम गिरणीत आधीच झालेले असते. त्या वेळी घरातील एखादी म्हातारी ओवी म्हणते. बाकीच्या तिच्या मागून पहिली ओळ उचलतात, दुसरीस बहुतेकींना शब्द आठवत नाहीत.